परवा निघालो

जवळ सरका. मला ओरडून सांगायची सवय नाही. दिवा राहू द्या, दिव्याने काही अडत नाही. एकच सांगतो, मध्ये बोलायचं नाही. ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच उठावं. मधूनच उठलेला माणूस मला चालत नाही.

उठलं कोणी? नाही. बरं.

हे ज्याच्या बाबतीत झालं तो माझ्या ओळखीचा. फारसा शिकलेला नव्हता, पण खोटारडाही नव्हता. खोटं रचायला डोकं लागतं, आणि त्याचं सगळं डोकं कुलपांत गेलं होतं.

मंगळवार होता. वार ध्यानात ठेवा. तारीख विसरलात तरी चालेल.

हा माणूस कुलूपवाला. लोक चावीवाले म्हणत, ते त्याला खपत नसे. "चावते ती चावी. माझ्याकडे किल्ली मिळते," असं तोंडावर सांगायचा. गिऱ्हाईक हसायचं, हा नाही. दुकान रस्त्यावर, राहायची खोली दुकानाच्या वर. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा दूर, रविवारी फोन करायचा आणि हवा कशी आहे ते विचारायचा. फळीवर कप दोन होते. वापरातला एक.

लोक त्याला रात्री-अपरात्री बोलवत. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, लेकरू आत अडकलं. हा जायचा, दार उघडून द्यायचा. उघडलं की घरातले आत पळत आणि दार पुन्हा लागे. बाहेर अडकलं की सगळ्यांना त्याची आठवण. आत कोणी बोलवत नसे.

त्याचा एक धाकटा भाऊ होता.

दोघेही वडिलांच्या हाताखाली शिकले. म्हातारा कडक. कानशीने किल्ली घासायची त्याची एक चाल होती, तीन लांब हात आणि एक आखूड. खर्र, खर्र, खर्र, खट. दोन्ही पोरांच्या हातात तीच चाल बसली. आणि म्हाताऱ्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक विचारायचं, "कधी येऊ?" पोरं म्हणायची, "परवा या." की म्हातारा ठोकायचा. म्हणायचा, "परवा हा शब्द चोर आहे. पुढच्या दारानेही येतो, मागच्या दारानेही. वार बोल." त्याच्याकडे पोलादाचे सात ठसे होते, एका पत्र्याच्या डबीत. सो, मं, बु, गु, शु, श, र. किल्ली ज्या वारी न्यायची त्या वाराचं अक्षर तो किल्लीच्या डोक्यावर ठोकून ठेवायचा. गिऱ्हाईक कधी आलं, वेळेवर आलं की नाही, सगळं त्या अक्षरावरून. त्यातला बुधवारचा ठसा एकदा खाली पडला आणि 'बु'च्या उकाराचं टोक उडालं. तेव्हापासून त्यांच्याकडचा प्रत्येक बुधवार थोडा लंगडा.

धाकटा पुढे समुद्रकाठच्या एका लहान शहरात गेला. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, तिथे कुलूपवाल्याला मरण नाही, असं म्हणाला होता.

आता भांडणाचं सांगतो, मग पुढे जातो.

तेरा वर्षांपूर्वी म्हातारा दवाखान्यात होता. मोठ्याने एका शनिवारी धाकट्याला फोन केला. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून. हादरला होता, पण हादरलोय असं बोलायची रीत त्याच्याकडे नव्हती. म्हणाला, "बाबांचं ऑपरेशन. परवा. सवड काढून ये." आणि फोन ठेवला.

त्याच्या मनात सोमवार होता. धाकट्याने ऐकला गुरुवार, मागचा. त्याला वाटलं, ऑपरेशन झालं, पार पडलं, आता सवडीने जायचं. हातातली कामं उरकून तो बुधवारी आला. म्हातारा सोमवारी रात्रीच गेला होता.

दाराशी चार माणसं होती. सगळ्यांसमोर मोठा म्हणाला, "उशिरा आलास. आता कशाला आलास?"

धाकट्याच्या खांद्यावर पिशवी होती. ती त्याने खाली ठेवलीच नाही. तसाच वळला.

चूक कोणाची, हे मोठ्याला त्याच रात्री कळलं. वार बोलायचा होता. बोलला नव्हता. एका फोनचं काम होतं. ते तेरा वर्षं झालं नाही. का, ते मला विचारू नका. ताठ माणसाचं कुलूप आतून लागलेलं असतं. बाहेर ज्याच्याकडे किल्ली असते त्यालाही ते उघडता येत नाही.

तर मंगळवार. रात्री आठ वाजून वीस मिनिटं. त्याने दुकान बंद केलं होतं, वर येऊन भांडं घासत होता. फोन वाजला. साधा, बटणांचा फोन. त्यावर नंबर आला. नाव नव्हतं, पण नंबर त्याला पाठ होता. तेरा वर्षं न लावता पाठ होता.

"दादा, झोपलास का?"

"आठ वाजलेत. आठाला कोण झोपतं?"

"तू झोपायचास."

"ते उद्या लवकर उठायचं असलं की."

फोनमध्ये मागे वारा होता. आणि वाऱ्याच्या आत दुसरा आवाज. खर्र, खर्र, खर्र, खट.

"काम चाललंय वाटतं," मोठा म्हणाला.

"एक किल्ली राहिलीय. तेवढी करतो. दादा, एकदा येऊन जा."

"कशाला?"

"समुद्र बघितलायस का कधी?"

"नाही."

"मग बघून जा. घर बघून जा. मी परवा निघालो."

कुठे, असं विचारायचं होतं. जिभेवर आलंही. पण तेरा वर्षांनी पहिला प्रश्न आपण विचारायचा, हे त्याला जमेना. म्हणाला, "बघतो. जमलं तर."

"बघ," धाकटा म्हणाला. "मी किल्ली करून ठेवतो."

फोन बंद झाला. भांडं हातातच होतं, पाणी चालू.

आता त्याने हिशेब मांडला. आज मंगळवार. उद्या बुधवार. परवा गुरुवार. गुरुवारी धाकटा कुठेतरी निघणार. कायमचाच असेल, नाहीतर फोन कशाला करेल? म्हणजे बुधवारी रात्रीपर्यंत तिथे पोचायलाच हवं. पोचून एक वाक्य बोलायचं. ते वाक्य त्याच्याकडे तेरा वर्षं तयार होतं: चूक माझी होती, मी वार सांगितला नाही. बस. एवढ्यासाठी जायचं. गुरुवारी धाकटा निघाला की ते वाक्य घेऊन हा कुठे जाणार होता?

खाली शेजारच्या गाळ्यात शिंप्याचा दिवा होता. तो गेला. शिंपी तोंडात टाचणी धरून बोलायचा, सगळ्यांना सवय होती.

"समुद्राच्या त्या गावाला गेला होतास ना तू?"

"लग्न झाल्यावर. का?"

"मला जायचंय."

शिंप्याने टाचणी काढली. "तुम्हाला? कधी?"

"उद्या."

"एकटे? अहो, तिथे जोडीने जातात. वरात काढायला फारच उशीर केलात."

"तोंड आवर. बघण्यासारखं काय आहे ते सांग."

"दीपगृह आहे. धक्का आहे. सकाळी लवकर उठलात तर बोटी येताना दिसतात. एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी आपण इथे का आलो असं वाटायला लागतं. चप्पल जुनी न्या, वाळू नव्या चपलेचं मातेरं करते. आणि लॉजवर उतरलात तर मागची खोली मागा. पुढच्या खोलीत रात्रभर गाड्या उशाशी येतात."

"लॉज नको. भाऊ आहे तिथे."

शिंपी दहा वर्षांचा शेजारी. भाऊ आहे हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. टाचणी पुन्हा तोंडात धरली. म्हणाला, "मग दोन दिवस राहा."

बसच्या चौकशीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "सकाळी सव्वासहाला सुटते."

"पोचते कधी?"

"कागदावर चार. बाकी तिच्या मनावर."

"परतीची?"

"गुरुवारी दुपारी दोनची आहे. जागा धरू?"

"धरा."

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्याने लिहून काढलं. सव्वासहा निघणे. चार पोचणे. घर शोधणे. बोलणे. 'बोलणे' पुढे वेळ लिहिली नाही. खाली लिहिलं, सकाळी बोटी. मग दोन वाजता बस. एवढाच बेत. एका पानावर मावला आणि निम्मं पान कोरं राहिलं.

पिशवीत एक सदरा टाकला. झोपायला गेला. उठून दुसरा सदरा टाकला. पुन्हा झोपला. पुन्हा उठला आणि दुसरा काढून ठेवला. पहाटे निघताना मात्र तो हातात होता, तो कोंबला. कोणी राहा म्हटलं तर.

आणि पिशवीच्या तळाशी ती पत्र्याची डबी ठेवली. सात ठशांची. म्हाताऱ्याच्या मागे ती याच्याकडेच राहिली होती. आता धाकट्याला द्यायची. डबीचं झाकण ढिलं होतं, म्हणून सुतळीने बांधली, वर त्याची ती दुहेरी गाठ मारली. ती गाठ तोच मारायचा. सुटायला नखं तुटत.

खोलीला कुलूप लावलं. ओढून बघितलं. आत कोणी नव्हतं, तरी क्षणभर थांबला. "येतो" म्हणायला तोंड उघडलं होतं.

हं, आता बस. बस सव्वासहाला सुटली. घाटाच्या तोंडाशी टायर गेला. दुसरा लावला, तोही पंक्चर. चार तास रस्त्याच्या कडेला. बाकीचे ओरडत होते, हा एका दगडावर बसून ते वाक्य घोटत होता. चूक माझी होती. मी वार सांगितला नाही. शेजारी एक म्हातारी होती. म्हणाली, "काही म्हणालात का?" हा म्हणाला, "नाही, तुम्हाला नाही."

पोचला तेव्हा सव्वाआठ वाजले होते. बुधवार. रात्रीचे सव्वाआठ.

शहरात वीज गेलेली. कुठे मेणबत्ती, कुठे बॅटरी. हवेला मिठाची चव. समुद्र दिसत नव्हता, पण एका बाजूने सारखा श्वास घेतल्यासारखा आवाज येत होता. दुकानं बंद होत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीच्या उजेडात त्याने एक गोष्ट पाहिली. प्रत्येक कुलपावर काळी पट्टी होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, कुलपाच्या वर खिळ्याने ठोकलेला. खारं वारं कुलपाला लागू नये म्हणून. एकावर नाही, रांगेतल्या सगळ्यांवर. खिळे सगळे एकाच हाताने ठोकलेले, थोडे डावीकडे कललेले. म्हातारा असेच ठोकायचा. सगळ्या रस्त्यावर भाऊ होता.

कुलूपवाल्याचं घर कोणतं, असं त्याने एका माणसाला विचारलं. त्याने हाताने दाखवलं. "ही गल्ली, शेवटचं दार." आणि थबकून म्हणाला, "पण तुम्ही..." मागून कोणीतरी त्याला हाक मारली. तो गेला.

गल्ली उताराची. शेवटी पाणी असावं. दोन्हीकडे लाकडी दारं. अंधार असा की स्वतःचा हात अंदाजाने ओळखावा. तो भिंतीला हात लावून उतरत होता.

आणि ऐकलं.

खर्र, खर्र, खर्र, खट.

शेवटच्या दारामागे.

त्याला हायसं वाटलं. आहे. निघाला नाही. आपण वेळेत आलो.

"धाकट्या," त्याने हाक मारली.

कानस थांबली.

"दार उघड. मी आलोय."

आतून आवाज आला. जवळून. दाराला तोंड लावून बोलावं तसा.

"दादा... थांब जरा. होतच आलंय."

पुन्हा कानस. खर्र, खर्र, खर्र, खट.

तो पायरीवर बसला. दाराला पाठ लावून. त्याला राग आला नाही. हातातलं काम टाकून उठायचं नाही, हे म्हाताऱ्याने दोघांनाही शिकवलं होतं. उलट बरंच वाटलं. तोंडाकडे न बघता बोलता येईल. अंधार होता. मध्ये दार होतं. असा मोका पुन्हा यायचा नव्हता.

"तू ऐकतोयस ना?"

खर्र, खर्र, खर्र, खट.

"त्या वेळचं. दवाखान्यातलं."

खर्र... खर्र...

"चूक माझी होती. मी वार सांगितला नाही."

कानस थांबली.

मोठा वाट बघत होता. खाली पाणी आलं, गेलं. आलं, गेलं. आतून काही नाही. श्वास नाही. पाऊल नाही. त्याच्या पाठीला दार लागलेलं होतं. ते गार पडत होतं. हळूहळू. खांद्यापासून खाली.

"धाकट्या..."

काही नाही.

"शिव्या घाल. पण बोल."

काही नाही.

मग ठक् आवाज आला. एकच. लहान हातोडीचा. लोखंडावर लोखंड.

मग दाराच्या खालून काहीतरी सरकलं. दगडावर घासत आलं. त्याच्या बोटांना लागलं.

किल्ली होती. अंधारातही त्याला कळलं. पितळी. हाताने घासलेली. कडा अजून धारदार. बोटाला भुगा लागला.

आणि ती कोमट होती.

आत्ता घासलेली किल्ली कोमटच असते. यात काही नवल नाही. तो उठला. दार आता उघडेल म्हणून उभा राहिला. पिशवी खांद्यावर घेतली, मग खाली ठेवली. मुद्दाम ठेवली.

दार उघडलं नाही.

"कोण आहे तिथे?"

आवाज मागून होता. समोरच्या दारात एक बाई होती. हातात बॅटरी. मागे तिच्या उंबऱ्यात जाळ्याचा ढीग पडलेला. ती जाळी शिवायची.

"भाऊ," तो म्हणाला. "मोठा भाऊ मी. हा आत आहे. दार उघडतोय."

बाईने बॅटरी त्याच्या तोंडावर धरली. मग दारावर नेली.

"कुठे आत?" ती हळू म्हणाली. "काका, कुलूप बाहेरून आहे."

होतं. ट्यूबची पट्टी वर लोंबत होती. बाईने पुढे येऊन ती उचलली. खाली नवंकोरं कुलूप. कोयंड्यात. बंद.

आयुष्य कुलपात गेलं त्या माणसाचं. आणि दारावरचं कुलूप त्याने बघितलं नव्हतं. आवाज ओळखीचा निघाला की माणूस डोळ्यांना विचारत नाही.

"ते गेले हो," बाई म्हणाली. "तुम्हाला कोणी कळवलंच नाही?"

"गेला? आजच? उद्या निघणार होता तो. मला म्हणाला, परवा..."

"अहो, निघणार नव्हे. गेले. या पायरीवर बसले होते, संध्याकाळी. तशीच मान टेकली. रविवारी."

"रविवारी."

"रविवारी. त्यांच्या कुलपाची किल्ली काही सापडेना. कुलूपवाल्याचीच किल्ली सापडू नये, बघा. म्हणून सोमवारी आमच्या ह्यांनी बाजारातून हे नवीन आणून लावलं. आम्हाला काय ठाऊक कोणाला कळवायचं. फोन त्यांचा आतच कुठेतरी राहिला. भाऊ आहे म्हणायचे. मोठा आहे, रागीट आहे, हात सोन्याचा आहे, म्हणायचे. येईल, म्हणायचे. आम्ही चेष्टेने विचारायचो, कधी येणार तुमचा भाऊ? तर हसायचे. म्हणायचे... वार ठरला की सांगतो."

तो भिंतीला टेकला.

मोजत होता. बोटांवर. फोन मंगळवारी आला. मंगळवारच्या आदला सोमवार. सोमवारच्या आदला...

मी परवा निघालो.

पुढच्या दाराने नव्हे. मागच्या दाराने.

काय गं? तुला काय विचारायचंय? फोन कोणी केला? मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का? गप्प बस. थोडंच राहिलंय.

बाई आत जाऊन आपल्याकडच्या किल्ल्या घेऊन आली. तारेच्या कडीत तीन होत्या. कारखान्याच्या, पांढऱ्या, चकचकीत. "कुलपाबरोबर तीनच मिळाल्या," ती म्हणाली. "तिन्ही इथे आहेत. तुमच्या भावाचं घर, तुम्ही उघडा."

त्याने त्या घेतल्या नाहीत. मुठीतली पितळी किल्ली त्याने कुलपाला लावली. बाई म्हणाली, "ही कुठली?" किल्ली फिरली. अडली नाही. लोण्यातून फिरावी तशी.

कुलूप निघालं. दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. झाकून ठेवलेलं सामान. टांगलेल्या कानशी, ओळीने. कोरडी मोरी. बंद घराचा वास. बाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

तो आत बसला. जमिनीवर. बराच वेळ. बाईने बॅटरी त्याच्याजवळ ठेवली आणि गेली. बोटी पहाटे आल्या. त्याने त्या दारातून बघितल्या. दोनची बस गेली. तो गेला नाही. दुसरा सदरा कामाला आला.

पण ते नंतरचं. त्या रात्रीचं राहिलं.

बॅटरीच्या उजेडात त्याने किल्ली उलटी केली. डोक्यावर एक अक्षर ठोकलेलं होतं. ताजं. पितळ आतून पिवळंधमक दिसत होतं.

त्याने पिशवी ओढली. सदरे बाहेर काढले. तळाशी डबी होती. सुतळी होती तशी. गाठ होती तशी. त्याचीच, दुहेरी. ती सोडवायला त्याला पाव घटका लागली. आत सात ठसे, जागच्या जागी, फडक्यात गुंडाळलेले.

उद्या येतो, असं तो फोनवर बोलला नव्हता. बघतो म्हणाला होता.

त्याने किल्ली उजेडात धरली.

'बु'.

उकाराचं टोक उडालेला.